परसातली झाडे आणि कपाटातली वही



मृगाचा पाऊस पडला की माळशेजकडून गार वारा सुटतो आणि आमच्या ओतूरला घरोघरी खोकला सुरू होतो. अशा दिवसांत पूर्वी माझ्या आजीच्या दारात बाया यायच्या. आजी वस्तीची सुईण. मोरीच्या कडेला तिने अडुळसा, गवती चहा आणि पानओवा लावला होता. फुटक्या मडक्यात कोरफड होती, रॉकेलच्या डब्यात हळद होती. कुणाला काय द्यायचे, किती द्यायचे, हे सारे तिच्या डोक्यात. सहीच्या जागी ती अंगठा उठवायची. ती गेली आणि तिच्याबरोबर ते सारे गेले. मी बी. कॉम. झालो, कचेरीत रोज दुसऱ्यांचे हिशेब लिहितो. पण आजीचे चार शब्द काही मी लिहून घेतले नाहीत. ही चूक माझी. म्हणून आज परसातल्या औषधी झाडांविषयी लिहिताना झाडाबरोबर वहीविषयीही लिहिणार आहे.

आधी झाडे. पुष्कळ भगिनी म्हणतात, आमच्याकडे जागा कुठे आहे? मोरीचे पाणी जिथे मुरते ती हातभर ओली जागा पुरते. तीही नसेल तर जुने डबे, फुटके माठ, सिमेंटची पोती चालतात. तळाला भोके पाडावीत, निम्मी माती नि निम्मे कुजलेले शेणखत भरावे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. आपल्या भागात कांद्या-टोमॅटोवर फवारणी फार होते. त्या औषधाचे रिकामे डबे कितीही धुतले तरी त्यांत खाण्यापिण्याचे झाड लावू नका. फवारलेल्या शेताच्या बांधावरची पानेही औषधासाठी तोडू नका.

अडुळसा सर्वांत सोपा. पावसाच्या सुरुवातीला हातभर लांबीची जून छाट मातीत खोचली की लागते. पान कडू असल्याने शेळी तोंड लावत नाही, म्हणून कुंपणालाही चांगला. तीन-चार पाने दोन कप पाण्यात उकळून एक कप उरवावे, गाळून त्यात थोडा गूळ घालावा. याने कफ सुटतो. खोकल्याच्या औषधांत ब्रोमहेक्झिन नावाचे जे द्रव्य असते, ते अडुळशातल्याच एका द्रव्यावरून तयार केलेले आहे. पण गरोदर बाईने अडुळसा मुळीच घेऊ नये. त्याने गर्भाशय आकुंचन पावण्याचा धोका असतो.

गवती चहाचा एक ठोंब शेजारणीकडून आणावा. जमिनीपासून चार बोटे वर कापत गेले की तो फुटत राहतो. दोन-तीन वर्षांनी उपटून, मोकळा करून पुन्हा लावावा. पानओव्याची कांडी खोचली की जगते, फक्त पाणी जास्त झाले की कुजते. त्याच्या पानांची भजी मुले आवडीने खातात. पुदिन्याला बाजारातल्या जुडीतल्या चार काड्या पुरतात. मुळे फुटेपर्यंत पाण्यात ठेवाव्यात. साबणाचे पाणी अडुळशाला थोडेफार चालते, पण पुदिना आपण कच्चा खातो, त्याला चांगलेच पाणी घाला.

हळदीचे गड्डे मे-जूनमध्ये पुरावेत. पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत पाने वाळून पडली की काढावेत, उकडून, वाळवून कुटावेत. कोरफडीला बाजूने पिले फुटतात, तीच लावायची. भाजल्यावर आधी वीस मिनिटे साधे गार पाणी ओतत राहावे. कोरफडीचा गर त्यानंतर, आणि तोही भाजलेले किरकोळ असेल तरच. पान कापल्यावर जो पिवळा चीक निघतो तो धुऊन टाकावा. पोटात गेला तर जुलाब होतात.

आता तुळस. आपल्या घरात तुळस कशी, असे काहीजण दबक्या आवाजात विचारतात. तुळस हे झाड आहे. वृंदावन बांधणे वेगळे आणि खोकल्याला चार पाने चहात टाकणे वेगळे. विनयपिटकातल्या महावग्गात भिक्खूंच्या औषधांचे एक प्रकरणच आहे. त्यात मुळांमध्ये हळद, आले, वेखंड. पानांमध्ये कडुनिंब आणि तुळस. फळांमध्ये हिरडा, बेहडा, आवळा अशी यादी दिलेली आहे. यातला हिरडा तर आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला. तिथले आदिवासी बांधव बाळहिरडा गोळा करून विकतात आणि त्यावर घर चालवतात. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांची हिरड्याची झाडे मोडली तेव्हा किती चुली अडल्या, हे आपण पाहिले आहे. तेव्हा झाडाकडे झाड म्हणून पाहावे. त्याचा गुण तपासावा, वापरावे.

आणि तपासावे असे का म्हणतो, त्यासाठी घरातलीच गोष्ट सांगतो. माझे चुलते मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलायचे. एका पावसाळ्यात त्यांना खोकला लागला. परसात आजीच्या हातचा अडुळसा होताच. काकी रोज सकाळी काढा करून द्यायची. काढ्याने कफ सुटायचा, काकांना बरे वाटायचे, ते कामावर जायचे. चार दिवसांनी पुन्हा खोकला, पुन्हा काढा. पावसाळा सरला, कांद्याची लागण सुरू झाली तरी तेच. एका रात्री थुंकीत रक्त दिसले तेव्हा दवाखाना आठवला. क्षय निघाला. औषधाने काका वाचले, पण फुप्फुस इतके खराब झाले होते की गोणी पुन्हा पाठीवर घेता आली नाही. दरम्यान घरातल्या सहा वर्षांच्या मुलीलाही लागण झाली होती.

अडुळशाचा यात दोष नाही. त्याने त्याचे काम केले. चूक अशी झाली की खोकला कोणत्या तारखेला सुरू झाला हे कुणालाच सांगता येईना. डॉक्टरांनी विचारले तर काकी म्हणाली, "पंधरा-वीस दिवस झाले असतील." प्रत्यक्षात चार महिने झाले होते. मी कारकून माणूस. त्या दिवशी मला कळले की आमच्या घरात औषध होते, तारीख नव्हती.

म्हणून वही. शाळेच्या जुन्या वहीतली कोरी पाने पुरतात. पाच रकाने आखा: तारीख, कुणाला, काय झाले, काय दिले व किती, आणि गुण आला का. मुलीकडून-मुलाकडून लिहून घ्या, त्यांचाही सराव होईल. या वहीचे दोन उपयोग आहेत.

पहिला असा की कुठे थांबायचे ते वही सांगते. खोकल्याला दोन आठवडे झाले की काढा बंद आणि थुंकीची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती तपासणी आणि क्षयाची औषधे मोफत मिळतात. ताप तीन दिवसांत उतरला नाही, मूल भराभर श्वास घेऊ लागले, तर एक तासही घरी काढू नये. साप चावला तर कोणतेही मूळ उगाळत बसू नका; सर्पदंशावर इलाज एकच, प्रतिविषाचे इंजेक्शन. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको. वेखंडाची गुटी नको. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. करोनाच्या साथीत गुळवेलीचे काढे घरोघरी उकळले गेले. मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांच्या यकृताला सूज आल्याची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद तज्ज्ञांचा आहे. पण दिसायला तशाच दुसऱ्या वेलीही असतात, तेव्हा आपण ओळख पटल्याशिवाय आणि वैद्याला विचारल्याशिवाय महिनोन्महिने घेऊ नये, एवढे शहाणपण आपल्या हातात आहे.

दुसरा उपयोग मोठा आहे. जखमेवर हळद हे आपल्या आज्यांचे ज्ञान. पण १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला त्याचेच पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सी.एस.आय.आर.चे महासंचालक होते. त्या संस्थेने आव्हान दिले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. "आमची आजी लावायची" या म्हणण्याने ते रद्द झाले नाही. जुने ग्रंथ आणि १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख पुढे ठेवावा लागला. लिहिलेले होते म्हणून टिकले.

केरळात सतराव्या शतकात इट्टी अच्युतन नावाचे वैद्य होते, ज्यांच्या एझवा समाजाला अस्पृश्यासारखे दूर ठेवत त्यातले. डच अधिकारी व्हान ऱ्हीडे यांनी तिथल्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवला. तो १६७८ ते १६९३ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात अच्युतन यांचे ज्ञान आहे आणि पहिल्याच खंडात त्यांचे स्वतःचे निवेदन, नावासकट. आपल्या वस्त्यांतल्या किती सुइणी, किती जाणत्या बाया नाव न ठेवता गेल्या, त्याची मोजदाद नाही. त्यांचे सगळेच बरोबर होते असे नव्हे. पण लिहिले असते तर बरोबर काय आणि चूक काय ते तपासता तरी आले असते.

तेव्हा या पावसाळ्यात एवढे करा. अडुळशाची एक छाट आणि गवती चहाचा एक ठोंब लावा. घरात म्हातारे माणूस असेल तर त्याच्याजवळ बसा, विचारा, लिहून घ्या; वर सांगणाऱ्याचे नाव घाला. आमच्या परसातला आजीचा अडुळसा अजून उभा आहे. काकी त्याचा काढा आजही करते, पण आधी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली वही काढून नातीला म्हणते, "आधी तारीख लिही गं."

जयभीम.