लॉनचा वाफसा

ओतूरहून माळशेजकडे निघाले की डिंगोरे लागते. पिंपळगाव जोगा धरण जवळच, पण त्याच्या पाण्याला कालव्याने पारनेरपर्यंतचे वाटेकरी. टंचाईत पिण्याचे पाणी राखून ठेवले, की सर्वांत आधी नजरेत खुपते ती शेतघरापुढची हिरवीगार लॉन. 2016 च्या दुष्काळात तर मैदानांवरच्या पाण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवावे लागले.

लॉन लावणाऱ्या-सांभाळणाऱ्या मंडळींनी एक हिशेब तोंडपाठ ठेवावा: एक गुंठ्यावर 10 मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 1,000 लिटर. दोन गुंठ्यांच्या लॉनला एकदा एवढे पाणी दिले, की जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशेबाने 36 माणसांचे दिवसाचे पाणी गेले.

तरीही बहुतेक ठिकाणी पाणी घड्याळावर चालते. रोज संध्याकाळी वीस मिनिटे, जमीन ओली असो वा कोरडी!

कांद्याला वाफसा पाहून पाणी देणारा शेतकरी लॉनपाशी आला की हे विसरतो. चालल्यावर पावलांचे ठसे उठून राहिले, गवतावर निळसर राखाडी झाक आली, तर पाण्याची वेळ झाली, नाहीतर नाही. पाणी पहाटे द्यावे. काळ्या जमिनीत ते एकदम मुरत नाही, म्हणून दहा मिनिटे स्प्रिंकलर, अर्धा तास विश्रांती, पुन्हा दहा मिनिटे. सपाट बुडाचे सारखे डबे लॉनभर ठेवून पंधरा मिनिटांनी पट्टीने मोजावे. एकात 3 मिलिमीटर आणि दुसऱ्यात 9 भरले, तर दोष गवताचा नाही, नोझलचा आहे. कापणी उंच ठेवावी, कापलेले गवत तिथेच पसरावे आणि पावसापर्यंत युरियाला हात लावू नये.

हरळीची तर चिंताच नको. शेतातून तिच्या काशा वेचता वेचता पिढ्या थकल्या. वरून वाळली तरी अधूनमधून संरक्षित पाणी मिळाल्यास ती पावसात पुन्हा फुटते. मेक्सिकन लॉन मात्र मंद पसरते. तिच्यात पडलेली खळी भरायला वेळ लागतो, म्हणून हाताशी असेल ते पाणी आधी तिला.

खरी अडचण देखभालीच्या करारात आहे. त्यात बारमाही ‘हिरवीगार’ लॉनची हमी असते आणि ती पाळायला ठेकेदार टँकर मागवतो. मार्च ते जून या काळापुरती ‘जिवंत’ लॉनची हमी द्यावी, टँकरचा खर्च वेगळा दाखवावा आणि गवत पिवळे पडणार हे मालकाला सही घेण्याआधीच सांगावे.