यंत्र कोणाच्या हातात?

आमच्या महाविद्यालयात गेल्या पावसाळ्यात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, ‘यंत्र : शाप की वरदान?’ हाच विषय आमच्या एका प्राध्यापकांनी विद्यार्थिदशेत गाजवला होता म्हणे. ‘शाप’ म्हणणाऱ्यांनी बेकारीचे चित्र रंगवले, ‘वरदान’ म्हणणाऱ्यांनी चांद्रयानाचा दाखला दिला, दोघांनाही टाळ्या पडल्या आणि चषक नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजाला मिळाला. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. नखांत आदल्या रात्रीचे ग्रीस होते, म्हणून हात ओढणीखाली झाकले होते. त्या दिवशी उठून चार शब्द बोलायला हवे होते. धीर झाला नाही. ते राहिलेले बोलणे या अंकात लिहून काढते आहे.

आमचे घर सुताराचे. पलूस तालुक्यातल्या एका गावात बाबांचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द मोठा झाला. पत्र्याची शेड, दोन बाकडी, एक करवतीचे यंत्र आणि भिंतीवर टांगलेली आजोबांची हत्यारे, एवढाच पसारा. दारे, चौकटी, देव्हारे ही कामे. दारावरचे कमळ आणि देव्हाऱ्याच्या कमानीवरची वेलबुट्टी कोरायला एक काका येतात. ते आजोबांच्या हाताखाली तयार झालेले. गेल्या काही वर्षांत गिऱ्हाईक मोबाईलवर चित्र दाखवू लागले, “असलं पाहिजे.” शहरात संगणकाने कोरलेली दारे निम्म्या किमतीत आणि आठ दिवसांत मिळू लागली. बाबा म्हणत, “आपलं काम टिकाऊ.” गिऱ्हाईक मान डोलवी आणि शहराची वाट धरी.

शेवटी बाबा यंत्राची चौकशी करायला गेले. मीही सोबत होते. विक्रेत्याने अडीच लाख किंमत सांगितली. पण किमतीपेक्षा दुसरीच गोष्ट बाबांना लागली. “बिघडलं तर पेटी उघडायची नाही, आमचा माणूस येईपर्यंत थांबायचं,” असे त्यांना बजावले गेले. उघडता येत नाही असे हत्यार बाबांनी जन्मात वापरले नव्हते. परतताना एस. टी. त ते पलूस येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

माझा चुलतभाऊ आय. टी. आय. मधून फिटर झालेला. तो म्हणाला, “घरीच करू.” दिवाळीला सुरुवात झाली आणि पाडव्याला यंत्राने पहिली सरळ रेघ मारली. खर्च पंचेचाळीस हजारांच्या आत राहिला.

ज्यांनी असे यंत्र पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक भक्कम टेबल. त्यावर पुढेमागे सरकणारा आडवा पूल, पुलावर डावीउजवीकडे सरकणारी पेटी आणि पेटीत वरखाली होणारा राउटर, म्हणजे मिनिटाला हजारो फेरे घेत लाकूड कोरणारे हत्यार. या तिन्ही हालचाली स्टेपर मोटरी करतात. या मोटरीचा स्वभाव चमत्कारिक आहे. ती सलग फिरत नाही, पायरी पायरीने फिरते. एका फेऱ्याला २०० पायऱ्या. तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर प्रत्येक पायरीचे आणखी ८ तुकडे करतो, म्हणजे १६०० झाल्या. मोटरीला जोडलेला स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर पुढे नेतो. तेव्हा एका मिलिमीटरला ३२० पायऱ्या. शालान्त परीक्षेनंतर गणिताशी माझा संबंध संपला असे मी समजत होते. हा आकडा मी स्वतः काढला, यंत्राला सांगितला, आणि शंभर मिलिमीटर म्हटल्यावर ते शंभरच मिलिमीटर सरकले, तेव्हा झालेला आनंद मला कुठल्याही निकालाने दिलेला नाही.

सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा. त्याची मापे बाबांनी ठरवली : ९० सेंटिमीटर बाय १२० सेंटिमीटर. “एवढंच का?” असे विचारल्यावर म्हणाले, “कर्ण दीडशे येतो. टेप लावली की खोटं लपत नाही.” तीन-चार-पाचचा हा हिशेब ते चौकटीसाठी जन्मभर वापरत आले आहेत. वेल्डिंग झाल्यावर टेप लावली, तर एक कर्ण दुसऱ्यापेक्षा चार मिलिमीटरने मोठा. वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंड ओढले गेले होते. दादा म्हणाला, “सॉफ्टवेअरमधून दुरुस्त करू.” बाबांनी ऐकून घेतले, दोन सांधे कापायला लावले आणि गुण्या लावून पुन्हा जोडून घेतले. वाकडे टेबल आणि हुशार संगणक ही जोडी त्यांना मान्य नव्हती.

चुका पुष्कळ झाल्या. पहिले वर्तुळ चार ठिकाणी चपटे आले, कारण नट स्क्रूवर किंचित हलत होता. दिशा बदलताना मोटर फिरे पण पूल जागेवरच राही. स्प्रिंगने ताणलेला दुहेरी नट बसवला तेव्हा ते थांबले. एकदा कमळाच्या निम्म्या पाकळ्या बोटभर बाजूला गेल्या. मोटर आणि स्क्रू यांना जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू सैल झाला होता. त्या दिवशी एक गोष्ट मला लख्ख कळली. हे यंत्र मोजते, पण पाहत नाही. त्याने ३२० पायऱ्या सांगितल्या की त्या झाल्याच असे ते धरून चालते. सागवानाची चांगली फळी वाया जात असताना ते शांतपणे पुढचा आकडा वाचत होते. दाराशी उभ्या असलेल्या माझ्या आईने, जिला यातले काही समजत नाही असे आम्ही समजत होतो, ओरडून लाल बटन दाबायला लावले.

आणि बाबांचा कान! फळी जळून काळी पडू लागली तेव्हा आम्ही घाबरून वेग आणखी कमी केला. ती आणखी जळली. बाबांनी टेबलाखालचा भुसा चिमटीत घेतला. “हे पीठ पडतंय. ढलपी पडायला पाहिजे. तुमचं हत्यार कापत नाही, घासतंय. सरकवा पुढं.” वेग वाढवला आणि जळणे थांबले. यंत्राच्या कुठल्याही पुस्तकात हेच लिहिलेले असते. बाबांना ते रंधा मारताना चाळीस वर्षांपूर्वी कळले होते. आता कोणत्या लाकडाला किती वेग, हे ते वहीत लिहून ठेवतात. सागवान, शिवण, आंबा अशी पाने पाडली आहेत. पूर्वी हे ज्ञान त्यांच्या मनगटात होते आणि त्यांच्याबरोबरच गेले असते.

हे चालू असताना आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी डेव्हिड नोबल या अमेरिकन इतिहासकाराचे १९८४ साली प्रसिद्ध झालेले ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ हे पुस्तक हाती दिले. इंग्रजी जड, शब्दकोश घेऊन वाचले. आकड्यांवर चालणाऱ्या यंत्राचा जन्म त्यात सांगितला आहे. जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत असे. १९४९ मध्ये त्याला अमेरिकन हवाई दलाचे कंत्राट मिळाले, त्याने मॅसॅच्युसेट्सच्या एम. आय. टी. संस्थेची मदत घेतली आणि १९५२ मध्ये त्या संस्थेने छिद्रांच्या फितीवर चालणारे यंत्र दाखवले. इथवर सरळ गोष्ट. पण त्याच सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनीत दुसरी एक पद्धत तयार झाली होती. कसबी कारागिराने पहिला नग हाताने यंत्र चालवून करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या आणि मग यंत्राने त्या पुन्हा करायच्या. ही पद्धत मागे पडली. नोबलचे म्हणणे असे की, त्यामागे निव्वळ तांत्रिक कारण नव्हते. पहिल्या पद्धतीत कामाचा आराखडा कचेरीत लिहिला जातो, दुसरीत तो कारागिराच्या हातात राहतो; आणि मालकांना तो कारागिराच्या हातातून काढायचाच होता.

हे वाचून मला आमच्या वादविवादाचा पोकळपणा समजला. यंत्र हवे की नको, हा प्रश्नच नाही. त्याला हुकूम कोण लिहितो आणि त्याची पेटी कोण उघडू शकतो, हा प्रश्न आहे. आमच्या यंत्राचा मेंदू म्हणजे आर्डुइनो नावाचे हाताच्या तळव्याहून लहान सर्किट, २००५ साली इटलीत तयार झालेले. त्यावर चालणारी ‘जीआरबीएल’ ही आज्ञावली २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी लिहिली आणि सर्वांना मोकळी करून दिली. कोणीही वाचावी, बदलावी, पुढे द्यावी. फितीची जागा इंटरनेटने घेतली, आणि जे कचेरीत गेले होते ते शेडमध्ये परत आणायला वाट झाली. परत आणायचे की नाही, हे मात्र आपल्यावर आहे. मोटरी आणि सर्किटे चीनहून येतात, हे मला माहीत आहे. पण कोणती मोटर का जळली आणि तिच्या जागी कोणती बसेल, हे आज आमच्या शेडमध्ये तिघांना कळते.

गांधीजी यंत्राच्या विरुद्ध होते, असे त्या स्पर्धेत तीन वक्त्यांनी सांगितले. १९२४ मध्ये त्यांना कोणी यंत्रांबद्दल विचारले तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केले होते. आणि १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते! त्याच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. किंमत १५० रुपयांच्या आत, खेड्यातल्या घरात चालवता यावे, वीस वर्षे टिकावे, झिजलेले भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. यंत्राला नको म्हणणारा माणूस अशा अटी घालत बसत नाही. आमच्या घरून सायकलने अर्ध्या तासावर असलेल्या किर्लोस्करवाडीहून त्या स्पर्धेत एक यंत्र गेले होते. ते पसंत पडले नाही आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर ही वाडी वसवली, ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येईनात म्हणून चित्रकला सुटली आणि यंत्रांची रेखाचित्रे हाती आली. कला शाखेच्या विद्यार्थ्याने ग्रीसला हात लावू नये असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले. आमच्या ग्रंथालयामागे मोडक्या बाकांनी भरलेली एक खोली आहे. तिच्यात एक बाकडे, एक शिकंजा आणि चार हत्यारे ठेवायला प्राचार्यांची हरकत नसावी. वीज पुढच्या वर्षी मागू.

एवढे सगळे छातीठोकपणे लिहिले, पण एक गोष्ट लपवली तर ते खोटे होईल. कोरीवकाम करणाऱ्या काकांचे काम कमी झाले. कमळाभोवतालचे लाकूड काढून टाकायला त्यांना दोन दिवस लागत, यंत्र ते दीड तासात काढते. आता ते पाकळीची धार, देठाचा बाक, हे शेवटचे काम पटाशीने करतात. त्यात यंत्राचा हात बसत नाही. नमुना त्यांचा असेल तर प्रत्येक दारामागे त्यांना पैसे द्यायचे असे बाबांनी ठरवले आहे आणि ते दिले जातात. तरी आठवड्यातले तीन दिवस ते येत नाहीत. “गिऱ्हाईक परत आलं म्हणून निदान तीन दिवस तरी आहेत,” असे बाबा म्हणतात. ते खरे आहे, पण काकांसमोर ते हे म्हणत नाहीत.

नोबलच्या पुस्तकातली ती मागे पडलेली पद्धत मी दादाला सांगितली होती. तो लगेच कामाला लागला. सांध्यासांध्यात कोन मोजणारे सेन्सर बसवलेला एक हलका हात करायचा, काकांनी तो धरून आपली वेलबुट्टी फिरवायची आणि संगणकाने नोंदवायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने काकांना ते सांगितले. यात हुकूम कचेरीतून येत नाही, तुमच्याच हातातून येतो, वगैरे. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले. यंत्राच्या मोटरीला लावलेले कुंकू पाहिले. मग विचारले, “पोरी, एकदा माझा हात त्यात भरून घेतलास, की मग मला कशाला बोलावशील?”

मला उत्तर देता आले नाही. दादाने तो हात अजून जोडलेला नाही. त्याचे सुटे भाग खिळ्यांच्या डब्याशेजारी फळीवर पडून आहेत.