‘जैत रे जैत’: दुसऱ्या चढाईची गरज

जुन्या अभिजात चित्रपटांपैकी कोणते आज नव्याने काढावेत, हा प्रश्न दिवाळीच्या फराळाबरोबर रंगणारा असला, तरी त्याचे उत्तर बहुधा चुकीच्या दिशेने शोधले जाते. ज्या चित्रपटावर प्रेक्षकांचा सर्वाधिक जीव, तोच पुन्हा काढावा असे निर्माते धरून चालतात आणि जिच्यात हात घालायला जागाच उरलेली नाही, नेमकी तीच कलाकृती हाती घेतात. २००७ साली ‘रामगोपाल वर्मा की आग’ने ‘शोले’च्या बाबतीत हेच केले आणि व्हायचे ते झाले. पुनर्निर्मिती, म्हणजे जुनी कथा नव्या नटसंचात आणि नव्या चित्रीकरणात पुन्हा मांडणे, हे काम जुनी फीत स्वच्छ करून तिचे रंग, प्रकाश आणि आवाज पूर्ववत करण्याच्या कामापेक्षा, म्हणजेच जतनापेक्षा, अगदी वेगळे आहे. उत्तम चित्रपटाला जतन हवे असते. नव्याने काढण्याजोगा चित्रपट तो, ज्याची गोष्ट अजून जिवंत आहे, परंतु ती ज्या जमिनीवर उभी होती ती जमीन पायाखालून सरकली आहे.

ही कसोटी मराठी चित्रपटसृष्टीला नवी नाही. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला आणि बोलपट आल्यावर, १९३६ साली, तोच विषय स्वतःच पुन्हा हाताळला; पडद्याला वाचा फुटल्यानंतर कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला बोलू देणे हे त्यासाठी पुरेसे कारण होते. उलट आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या ‘श्यामची आई’नंतर सुजय डहाके यांनी २०२३ साली काढलेला त्याच नावाचा चित्रपट कृष्णधवल ठेवण्यात आला. त्यातला आदर समजण्यासारखा असला, तरी केवळ आदरापोटी पुनर्निर्मिती उभी राहत नाही. ‘सामना’ तर कोणी हातीही घेऊ नये, कारण साखर कारखान्याच्या सावलीतली सत्ता आणि नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचा प्रश्न आजही जसाच्या तसा आहे. तो चित्रपट पुन्हा दाखवला की पुरे.

पनवेलजवळच्या नेरे परिसरातून या प्रश्नाकडे पाहताना मात्र दुसरेच नाव पुढे येते, आणि त्यासाठी पनवेल तालुक्याबाहेर जावे लागत नाही. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर आधारलेला, उषा मंगेशकरांची निर्मिती असलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘जैत रे जैत’ १९७७ साली आला, त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्या कथेला पार्श्वभूमी आहे ती कर्नाळ्याची. लिंगोबाच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारा नाग्या हा ठाकर तरुण पुण्यवंत होऊ पाहतो. डोंगरावरच्या मोहोळातली माशी त्याचा डोळा घेते, आणि देवाच्या डोंगरावरच हे घडावे या संतापातून तो राणीमाशीचा सूड घ्यायला उठतो. पहिल्या नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याला साथ देते. शेवटी जैत, म्हणजे विजय, नाग्याचा होतो, परंतु चिंधीचा जीव जातो. मोहन आगाशे, स्मिता पाटील आणि निळू फुले यांचा अभिनय, ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांविषयी नव्याने सांगण्यासारखे काही उरलेले नाही.

कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका आणि त्यावरची आग्या मोहोळे आजही तिथे आहेत. आग्या माशी उघड्या कड्याला एकच मोठे पोळे लटकवते आणि ते छेडले की शेकडो माश्या एकदम तुटून पडतात. (प्राणिशास्त्र सांगते, की डंख करायला धावते ती कामकरी माशी, राणी पोळे सोडून कोणावर चाल करून येत नाही. म्हणजे नाग्याचे वैर जिच्याशी, ती बिचारी निरपराधच होती, आणि हा तपशील नव्या पटकथाकाराला बराच उपयोगी पडेल.) बदलला आहे तो माणूस आणि डोंगर यांच्यातला बलाबलाचा हिशेब. १९७७ च्या चित्रपटात डोंगर अजिंक्य आहे. त्याच्यावर चढणे हाच पराक्रम, आणि त्याची किंमत चढणाऱ्याला मोजावी लागते. त्याच पनवेल तालुक्यात नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी सपाट करण्यात आली, उलवे नदीचे पात्र वळवण्यात आले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले. डोंगर आता हरवता येतो, आणि तो हरवणारा नाग्या नसतो. अशा काळात लिंगोबाशी भांडण मांडणाऱ्या ठाकराचा खरा प्रतिस्पर्धी कोण, हा प्रश्न मूळ चित्रपटाला पडण्याचे कारण नव्हते. नव्याला तो टाळता येणार नाही.

नाग्याचे कायद्यातले स्थानही बदलले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मध, डिंक, कंदमुळे अशा वस्तूंवर, आदिवासींचा हक्क मान्य केला; दुसरीकडे कर्नाळा १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. मधाला गेलेला तरुण हक्कदार ठरतो की घुसखोर, यात एका संपूर्ण चित्रपटाचे नाट्य दडलेले आहे. चिंधीचेही तसेच. मनाजोगता पुरुष स्वतः निवडणारी ही नायिका १९७७ साली विलक्षण होती, परंतु पुरुषाच्या विजयाची किंमत तिने जिवाने द्यावी, ही रचना आजच्या लेखिकेने निमूट स्वीकारू नये.

सर्वांत मोठी उणीव आवाजाची आहे. महानोर अजिंठ्याच्या परिसरातल्या पळसखेडचे, मोहन आगाशे शहरी रंगभूमीवर घडलेले; त्यांनी जे केले ते अपार मायेने केले, तरीही ठाकराची भाषा त्यात दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येते. नेऱ्यापलीकडे मालडुंगे, धोदाणीच्या बाजूला, माथेरानच्या डोंगराखाली ठाकरवाड्या आहेत आणि तिथली बोली बोलणारी पिढी आता महाविद्यालयात जाते. नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’त सोमनाथ अवघडेला आणि ‘सैराट’मध्ये रिंकू राजगुरूला कॅमेऱ्यासमोर उभे केल्यानंतर, अशा भूमिकांसाठी गावातून नट मिळत नाहीत ही सबब मराठीत चालण्यासारखी नाही.

व्यवहाराची बाजूही स्पष्ट असावी. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे आणि साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. ‘जैत रे जैत’ चित्रपटाचा हक्क त्यामुळे २०३७ च्या अखेरीपर्यंत आणि १९९८ साली निवर्तलेल्या दांडेकरांच्या कादंबरीचा २०५८ च्या अखेरीपर्यंत आहे. परवानगीवाचून हे काम होणार नाही आणि ती मागण्यासाठी थांबण्याचेही कारण नाही. जो दिग्दर्शक ती मागेल, त्याने नाग्या आणि चिंधी शोधायला मुंबई-पुण्याच्या अभिनयशाळांकडे न जाता आधी पनवेलला उतरून नेऱ्याच्या रस्त्याला लागावे, आणि संहितेचे पहिले वाचन धोदाणीत करावे.