रविवारची पेंग : वयाची की हवेची?

या पंधरवड्याच्या टपालातील एका पत्राचे उत्तर अंक निघेपर्यंत लांबवणे योग्य नव्हते. म्हणून ते दूरध्वनीवरून आधीच कळवले. प्रश्न मात्र अनेक कुटुंबांच्या उपयोगाचा आहे, यास्तव येथे सविस्तर मांडतो.

पत्रलेखक ७१ वर्षांचे असून हिवाळ्यात सपत्नीक अमेरिकेत मुलाकडे राहत आहेत. त्यांना मधुमेह आहे. ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. मुलाला घरी बिअर तयार करण्याचा छंद आहे. तेथे घरच्या वापरापुरती बिअर करण्यास १९७८ मध्ये संमत झालेल्या कायद्याने मुभा असल्याने हा छंद अनेक घरांत जोपासला जातो. रविवारी गॅरेजमध्ये मोठे पातेले चढते आणि वडील मदतीला उभे राहतात. तासा-दीड तासात त्यांना अनावर पेंग येते, डोके जड होते. बाहेर फेरी मारली की बरे वाटते. ‘बाबांना नुसत्या वाफेनेच चढते,’ अशी घरात थट्टा होते. ऑक्सिमीटर लावून पाहिला तर ९८ आकडा येतो. पत्राच्या अखेरीस त्यांनी सहज लिहिले आहे की, पत्नीचेही रविवारी डोके दुखते. पण ती गॅरेजमध्ये येतच नाही, वरच्या खोलीत असते.

संपूर्ण पत्रात मला हेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले.

प्रथम थट्टेचा विचार करू. बिअर करताना मोड आणून वाळवलेली बार्ली सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर भिजवतात. गाळून घेतलेला गोड रस हॉप्सची फुले घालून आणखी तासभर उकळतात. तो निवल्यावरच त्यात यीस्ट घालतात आणि मद्यार्क त्यानंतर, पुढील काही दिवसांत तयार होतो. म्हणजे रविवारी उकळणाऱ्या पातेल्यात मद्यार्काचा थेंबही नसतो. वाफेने ‘चढणे’ शक्य नाही. कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

पहिला संशय : कार्बन मोनॉक्साइड

वीस लिटर रस खळखळून उकळण्यासाठी प्रोपेन वायूचा मोठा बर्नर लागतो. असे बर्नर उघड्यावर वापरण्यासाठीच असतात. बाहेर बर्फ पडत असले की तो गॅरेजमध्ये आणला जातो आणि दार लोटून घेतले जाते. हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होते व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या सुमारे २०० ते २५० पट घट्टपणे जोडला जातो आणि शरीराची उपासमार करतो. डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, अशक्तपणा, गुंगी, गोंधळ अशी लक्षणे दिसतात. ताप नसतो. हा वायू घराच्या फटींतून वरच्या खोल्यांतही पोहोचतो. एकाच घरातील दोघांना, एकाच दिवशी, ज्योत पेटलेली असताना त्रास होतो आणि मोकळ्या हवेत तो कमी होतो, तेव्हा अन्य काही सिद्ध होईपर्यंत हाच संशय धरावा.

ऑक्सिमीटरच्या ९८ या आकड्यावर येथे विसंबू नये. बोटाला लावण्याचे साधे यंत्र कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. करोनाकाळापासून हे यंत्र घरोघरी आले आहे, म्हणून ही गोष्ट आवर्जून सांगतो. खरे निदान रक्तातील कार्बोक्सिहिमोग्लोबिन तपासून होते. मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटले तरी रक्तातील हा वायू निम्मा व्हायलाही चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास तो सुमारे तासा-दीड तासात निम्मा होतो.

पत्रलेखकांना त्याच दिवशी सांगितले, की बर्नर अंगणात न्यावा, गॅरेजचे दार उघडे ठेवण्यावर भागवू नये आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र शयनगृहांजवळ बसवावे. धुराचे यंत्र हा वायू ओळखत नाही. त्यानंतरच्या दोन्ही रविवारी उभयतांना त्रास झाला नाही, असे त्यांनी कळवले आहे. त्रासाच्या दिवशी रक्त तपासलेले नसल्याने मी याला पुरावा म्हणणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

दुसरा संशय : कार्बन डायऑक्साइड

हा वायू उकळण्याच्या दिवशी नव्हे, तर नंतर रस आंबताना निघतो. एकोणीस-वीस लिटर बिअर आंबताना साधारणतः ४०० लिटर वायू बाहेर पडतो, तोही अनेक दिवसांत विभागून. शांत बसलेला माणूस तासाला पंधरा-सोळा लिटर सोडतो. म्हणजे आंबणारी एक बादली खोलीतील एका माणसापेक्षाही कमी वायू सोडते. तेवढ्याने मोठ्या खोलीत पेंग येणार नाही. मात्र लहान, बंद तळघरात अनेक बादल्या असतील किंवा बादली ठेवलेल्या पेटीवजा फ्रीजमध्ये कोणी डोके घातले, तर गोष्ट वेगळी. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. बिअरमध्ये फेस आणण्यासाठी ठेवलेले सिलिंडर अधिक धोक्याचे. सव्वादोन किलोचे सिलिंडर बंद खोलीत पूर्ण गळले, तर दहा फूट लांब, रुंद व उंच खोलीत त्याचे प्रमाण चार टक्क्यांपर्यंत जाते आणि ते जिवावर बेतू शकते. श्वास जलद होणे, घाम, डोकेदुखी व नंतर गुंगी, असा हा क्रम असतो. दम्याच्या व जुन्या श्वसनविकाराच्या रुग्णांनी अशा खोलीत जाऊच नये.

आणि आपले शरीर

हॉप्सची फुले झोप आणतात, अशी युरोपात जुनी समजूत आहे. तेथे उशीतही ती भरत. परंतु वाफेतून येणाऱ्या वासाने अशी गुंगी येते, याला भक्कम पुरावा नाही. त्यापेक्षा पुढील कारणे वृद्धांत कितीतरी अधिक आढळतात.

ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने जेवण लांबवले, तर रक्तातील साखर उतरते. रिकाम्या पोटी मद्य चाखले, तर आणखी उतरते, कारण यकृत साखर सोडण्यास कुचराई करते. पेंग येताच साखर मोजावी. ती ७० पेक्षा कमी असल्यास आणि व्यक्ती शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. गुंगीतील माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. उष्ण पातेल्याजवळ तासन्‌तास उभे राहिल्याने, पाणी कमी प्यायल्याने व रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे दाब उतरतो. सर्दीची, झोपेची व मज्जातंतूंच्या वेदनेची औषधे गुंगी आणतात. त्यांवर मद्याचा घोटही नको. परदेशी नुकतेच पोहोचलेल्यांची झोप तर काही दिवस उलटीपालटी असतेच.

काळजीवाहकांनी विचारावयाचे चार प्रश्न

पेंग एका विशिष्ट जागीच येते का? बाहेर गेल्यावर ओसरते का? घरात आणखी कोणाला, पाळीव प्राण्यालाही, त्रास होतो का? त्या वेळी ज्योत पेटलेली होती का? यांपैकी दोन उत्तरे ‘होय’ असतील, तर आधी सर्वांना बाहेर न्यावे, मग कारण शोधावे. जवळ असेल तरच जाता जाता ज्योत बंद करावी. कोणी बेशुद्ध वा गोंधळलेला असेल, तर तत्काळ मदत मागवावी : अमेरिकेत ९११, महाराष्ट्रात १०८. डॉक्टरांना ‘वायूचा संशय आहे’ असे स्पष्ट सांगावे. बंद जागेत पडलेल्याच्या मागे एकट्याने धाव घेऊ नये. असा दुसरा बळी अनेकदा जातो.

आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, म्हणून हा विषय दूरचा वाटेल. पण हवा तीच आहे. न्हाणीघरातील गॅस गिझर, थंडीत बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी, जनरेटर, यांतून हाच कार्बन मोनॉक्साइड येतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीच्या पेवात उतरण्यापूर्वी तोंड उघडून हवा खेळू देत असत, त्यामागेही हाच अनुभव होता.

वृद्ध माणूस पेंगू लागला की आपण त्याला पांघरूण घालतो. बंद खोलीत ज्योत जळत असेल, तर पांघरुणाआधी खिडकी उघडावी आणि त्याला हाताला धरून बाहेर आणावे.