तांब्याच्या छपराचा हिशेब

१/ युरोपातील जुन्या शहरांच्या छायाचित्रांत हिरवी छपरे हमखास दिसतात. तो रंग दिलेला नसतो. ते तांबे असते. असे छप्पर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पेट घेत नाही, रंगरंगोटी मागत नाही. म्हणून घरासाठीही तेच सर्वोत्तम, असे मत वारंवार मांडले जाते. इतिहास या मताला अर्धाच दुजोरा देतो. घरमालकाच्या वहीत हा व्यवहार नफ्याचा ठरतो खरा, पण त्यातील बराचसा खर्च इतरांच्या वहीत पडलेला असतो.

२/ आधी नफ्याची बाजू. छपराला साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचा पत्रा पुरतो. त्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ५.४ किलो, भाजलेल्या मातीची कौले याच्या कित्येक पट जड असतात. जपानमधील नागोया किल्ल्याच्या मुख्य बुरुजाचा पाया भाराने खचू लागला, तेव्हा १७५०च्या दशकातील दुरुस्तीत वरच्या मजल्यांवरील मातीची कौले उतरवून तेथे तांब्याची बसवण्यात आली. छप्पर हलके झाले, की वाशांचा आणि भिंतींचा भारही उतरतो.

३/ दुसरा गुण त्या हिरव्या रंगाचा. लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटतो आणि आतले लोखंड उघडे पडत जाते. तांबे हवेत आधी तपकिरी होते, मग काळसर, आणि पुढे त्यावर हिरवा थर धरतो. मराठीत ज्याला जंगाल म्हणतात, त्याच्याच नात्यातला हा थर धातूला घट्ट धरून राहतो आणि आतील तांब्याची झीज मंदावतो. १८८६ साली उभा राहिलेला न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा मुळात तांबूसच होता. आजचे त्याचे हिरवेपण हे याच थराचे.

४/ मात्र हा टिकाऊपणा कारागिराच्या हातावर अवलंबून असतो. तापमानात ५० अंशांचा फरक पडला, तर १० मीटर लांबीचा पत्रा सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढतो किंवा आक्रसतो. म्हणून पत्रे थेट खिळ्यांनी न ठोकता त्यांच्या कडा एकमेकींत दुमडतात आणि सरकायला जागा ठेवतात. लोखंडी खिळा तर घातकच. ओल मिळताच तांब्याच्या संगतीत लोखंड झपाट्याने झिजते. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांबे जडवले आणि लोखंडी खिळ्यांची दुर्दशा पाहून हा धडा घेतला.

५/ सामान्यांच्या घरांना तांब्याने खरा आधार दिल्याचे एक उदाहरण टोकियोत सापडते. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर आगी भडकल्या आणि एक लाखाहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. पुनर्बांधणीत अनेक दुकानदारांनी आपल्या लाकडी घरांच्या दर्शनी भिंतींवर तांब्याचा पातळ पत्रा मढवला. हे छप्पर नव्हते, पण हेतू तोच होता: उडत्या ठिणग्या लाकडापर्यंत पोहोचू नयेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड, अशी ही घरे. त्यांतील काही आजही हिरवी होऊन उभी आहेत.

६/ आता खर्चाची बाजू. तांबे छपरावर चढले, तरी त्याचे धनपण सुटत नाही. सतराव्या शतकातील स्वीडनमध्ये हे अक्षरशः खरे होते. राणी क्रिस्टिनाच्या काळात, १६४४ मध्ये, तेथे तांब्याच्या पाट्यांचे चलन निघाले. १० दालर किमतीच्या एका पाटीचे वजन १९.७ किलो! एवढे जड नाणे बाळगणे अशक्य झाले आणि १६६१ मध्ये स्टॉकहोमच्या बँकेने युरोपातील पहिल्या कागदी नोटा काढल्या. ज्या धातूची नाणी पडत, त्याच धातूचे पत्रे श्रीमंतांच्या छपरांवर चढत.

७/ हे तांबे येई फालुनच्या खाणीतून. ऐन बहरात युरोपच्या गरजेपैकी सुमारे दोन तृतीयांश तांबे ही एकटी खाण पुरवत असे. १६५० साली तिचे उत्पादन ३,००० टनांच्या घरात होते. खनिज लाकडांच्या ढिगांवर उघड्यावर भाजले जाई. त्यातून निघणाऱ्या गंधकाच्या धुराने गावाचा श्वास कोंडे आणि भोवतालची झाडे मरत. १६८७ मध्ये खाणीचा प्रचंड भाग कोसळला. त्या दिवशी उन्हाळी सणाची सुट्टी होती, म्हणूनच केवळ प्राणहानी टळली.

८/ आणि त्या देशातील सामान्य माणसाचे घर? त्याच्या छपरावर बहुधा भूर्जाची साल आणि वर गवताळ मातीचा थर. पुढे त्याच्या भिंतींना एक तांबडा रंग लाभला, जो आज स्वीडिश खेड्याची ओळख मानला जातो. तो रंग फालुनच्या खाणीतील टाकाऊ मातीपासून बनतो. तांबे सरदारांच्या छपरावर गेले. गावकऱ्याच्या वाट्याला त्याचा गाळ आला.

९/ हा भेद स्वीडनपुरता नाही. केरळातील अनेक मंदिरांच्या गाभाऱ्यांवर लाकडी छपराला तांब्याचा पत्रा मढवलेला असतो, पण भोवतालची जुनी घरे कौलांची. धुवाधार पावसाचा प्रदेश तोच, कारागीरही त्याच मुलखातले. देवाला तांबे आणि माणसाला माती, ही वाटणी किमतीने केली.

१०/ धन उघड्यावर ठेवले की त्यावर डोळा पडतो. ६६३ मध्ये सम्राट दुसरा कॉन्स्टन्स रोमला आला आणि पँथिऑनच्या छपरावरची सोनेरी मुलाम्याची कांस्य कौले उतरवून घेऊन गेला. पहिल्या महायुद्धात तांब्याची टंचाई भासू लागताच जर्मन सरकारने चर्चच्या घंटांबरोबर छपरांवरचे तांबेही ताब्यात घेतले. मातीचे कौल कोणी लुटून नेत नाही. तांबे मात्र वितळवले तरी गुण गमावत नाही, आणि त्याची हीच थोरवी छपराच्या मुळावर येते.

११/ शेवटचा खर्च पाण्याचा. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे मराठी स्वयंपाकघराला जुनेच ठाऊक आहे. छपरावर तेच अतिशय संथ गतीने घडते. किंचित आम्लधर्मी पाऊस तांब्याचा अंश धुऊन नेतो आणि तो ओढ्या-खाडीतील सूक्ष्मजीवांना व माशांना अपाय करतो. याच कारणाने अमेरिकेतील पालो आल्टो शहराने २००३ पासून नव्या तांब्याच्या छपरांना परवानगी नाकारली. ऐतिहासिक इमारतींना सूट ठेवली.

१२/ ही सूट विचार करण्याजोगी आहे. जुन्या छपरातील तांब्यासाठी डोंगर पूर्वीच पोखरला गेला, धूर पूर्वीच कोणीतरी गिळला. ती किंमत आता परत मिळणार नाही. म्हणून असे छप्पर जपावे, सांधे दुरुस्त करावेत, आणि उतरवावेच लागले तर ते तांबे पुन्हा कामी आणावे. उलट, वीस-तीस वर्षांत पाडल्या जाणाऱ्या नव्या घरावर शतकभर टिकणारा धातू चढवणे हा केवळ डौल होय. जिथे छपराचे दोन उतार मिळतात आणि गळती हमखास सुरू होते, तिथे तांब्याची एखादी पट्टी पुरेशी ठरते.

१३/ हिरव्या छपराचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु इमारतीचा इतिहास तिच्या शिखरापाशी संपत नाही. तो फालुनच्या खड्ड्यात उतरतो, पन्हळीतून ओढ्यात वाहतो, गवताळ छपराच्या झोपडीतही शिरतो. ‘हे छप्पर किती वर्षे टिकले?’ हा प्रश्न योग्यच आहे. त्याच्या जोडीला ‘ते कोणाच्या जिवावर टिकले?’ हाही प्रश्न विचारला, तरच हिशेब पुरा होतो.