रिमोट डेस्कटॉपचं कुलूप

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते आणि तालुक्याचं गाव पौड, हे इथे रोज येणाऱ्या बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. पण इथल्या कुठल्याही टेस्टिंगवाल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: घरी जाताना रिमोट डेस्कटॉपची खिडकी बंद केली की रात्रीचा रन मेला. मग लॅपटॉप डेस्कवर चालू ठेवायचा, वर 'कृपया बंद करू नये' अशी चिठ्ठी, आणि देवाचं नाव घेऊन भूमकर चौकाच्या ट्रॅफिकमध्ये उडी मारायची.

असं होतं का, ते आधी पाहू. आरडीपीने एखाद्या व्हर्च्युअल मशीनवर लॉगिन केलं की तिथे तुमचं सेशन उघडतं आणि त्याचं चित्र तुमच्या लॅपटॉपवर येतं. खिडकी मिनिमाइज केली की सर्व्हर चित्र काढणं थांबवतो. कोणी बघतच नाहीये तर कशाला? डिसकनेक्ट केलं तर प्रोग्रॅम चालू राहतात, पण डेस्कटॉप लॉक. बॅच जॉबला याने काही फरक पडत नाही. जी टेस्ट माणसासारखी बटणावर क्लिक करते, तिला मात्र बटणच सापडत नाही. सकाळी रिपोर्ट उघडावा तर सगळे स्क्रीनशॉट काळेकुट्ट.

एक रात्र वाया गेली तर ठीक आहे हो. पण लाल रिपोर्टची सवय लागते ना, ती वाईट. 'लॉक झालं असेल रे' म्हणत आठवडाभर रिपोर्ट बाजूला सारला जातो आणि त्यातच एखादा खरा बग गिऱ्हाईकापर्यंत पोचतो.

यावर जुगाड भरपूर. आपोआप माऊस हलवणारं यूएसबी यंत्र मिळतं. दर मिनिटाला एफ१५ दाबणारा प्रोग्रॅम मिळतो (ही की तुमच्या कीबोर्डवर शोधू नका, नाहीये). आणि जाणकारांचा लाडका 'टीएसकॉन'. अ‍ॅडमिनच्या हक्काने ही कमांड दिली की सेशन रिमोटवरून उचलून मशीनच्या कन्सोलवर जातं. तुमची खिडकी बंद, डेस्कटॉप उघडा. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या अझूर डेव्हऑप्सच्या मदतपानांवर हा उपाय दिलेला आहे. अर्थात ग्रुप पॉलिसीतली निष्क्रियतेची मर्यादा तशीच असेल, तर मध्ये मोठा खंड पडला की पुन्हा लॉक.

आता माझं मत. सिस्टिम अ‍ॅडमिनला शिव्या घालणं सोपं आहे, पण तो वेडा नाही. कार्डाच्या व्यवहारांसाठीच्या पीसीआय डीएसएस नियमांतच आहे की १५ मिनिटांहून जास्त निष्क्रिय सेशनला पुन्हा ओळख विचारा. टीएसकॉन करून तुम्ही निघून गेलात, की हायपरवायझरच्या कन्सोलपर्यंत पोचलेला कोणीही तुमच्या उघड्या डेस्कटॉपवर बसू शकतो. तो जे करेल त्याच्या लॉगमध्ये नाव तुमचं. त्यातून तुम्ही कॉन्ट्रॅक्टवर असाल तर तुमची बाजू ऐकायला कोण थांबणार?

पण हे कुलूप आहे ते खुर्चीतून उठून चहाला गेलेल्या माणसासाठी. टेस्टच्या मशीनसमोर खुर्चीच नाही. सरसकट एकच पॉलिसी दोघांना लावणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि त्यामुळेच सरळमार्गी माणसं ऑफिसात चोरून माऊस हलवत बसतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्याच्या आरोपावरून डझनभराहून जास्त लोकांना काढलं. तिथे आरोप कामाचं नाटक केल्याचा होता, तुमचा हेतू भले वेगळा असेल. पण यंत्र तेच, आणि हेतू लॉगमध्ये उमटत नाही.

तेव्हा लपवाछपवी सोडा आणि लेखी मागा. मागण्याआधी वेबच्या टेस्ट हेडलेस करून टाका. क्रोममध्ये ही सोय २०१७ पासून आहे, तिला पडदा लागतच नाही. राहतील त्या जुन्या डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशनच्या. त्यांच्यासाठी वेगळं मशीन, त्याला अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत वेगळा गट, आणि लॉकची सूट फक्त त्या गटाला. लॉगिनला वेगळं खातं, ज्याला ना मेल, ना शेअर्ड फोल्डर. रीस्टार्टनंतर ऑटोलॉगऑन चालेल, पण त्याचा जपून ठेवलेला पासवर्ड त्या मशीनचा अ‍ॅडमिन काढू शकतो हे गृहीत धरा, म्हणून तो पासवर्ड दुसरीकडे कुठेही नको. ३३८९ पोर्ट इंटरनेटला उघडं नको. रोज सकाळी मशीन जुन्या स्नॅपशॉटवर परत.

एवढं लिहून दिलं की समोरचा एकच प्रश्न विचारेल: या मशीनवर प्रॉडक्शनचा डेटा आहे का? तुमच्या टेस्टमध्ये खऱ्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर असतील, तर अर्ज पाठवण्याआधी ते काढा.