मज्जातंतूंचे वेष्टण : धडा अर्ध्यावर का सोडावा?

मज्जापेशीची आकृती तुम्ही वहीत काढली असेल. लांब अक्षतंतू आणि त्यावर ओवलेल्या मण्यांसारखी मायेलिनची वेष्टणे. विजेच्या तारेवर रबर असते तसेच हे, असे सांगून धडा बहुधा संपतो. मी पदार्थविज्ञान शिकवतो. माझ्या मते हा धडा तेथे संपता कामा नये.

तारेची उपमा खोटी नाही, पण अपुरी आहे. तारेत इलेक्ट्रॉन वाहतात. मज्जातंतूत सोडियमचे आयन पातळ पटलातून आत शिरतात आणि संदेश पुढे सरकतो. हे पटल म्हणजे एक धारित्रच होय : आतबाहेर विद्युत्‌वाहक द्रव आणि मध्ये मेदाचा पातळ थर. संदेश पुढे न्यायचा तर ते भारित करावे लागते आणि त्यात वेळ जातो. आता त्यावर मेदाचे अनेक थर गुंडाळा. एकसरीत जोडलेल्या धारित्रांची एकूण धारकता घटते, हे तुम्ही पुढे शिकालच. थोड्या प्रभाराने काम भागते, गळतीही थांबते. दर मिलिमीटरभर अंतरावर वेष्टणात एक फट असते. तेथेच संदेश नव्याने जोर धरतो.

वीर किंवा महाडच्या वाचकांना हे लवकर पटेल. महामार्गावरील एस.टी. फाट्याफाट्याला थांबते. 1993 मध्ये सुरू झालेल्या रोहा–वीर रेल्वेवर मात्र कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड आणि वीर एवढीच स्थानके. थांबे कमी, म्हणून प्रवास जलद. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूत संदेश सेकंदाला सुमारे 1 मीटर जातो. जाड वेष्टित तंतूत 100 मीटरपर्यंत.

वेष्टणाविना हा वेग मिळाला असता का? एक गणित करू. माकूळ जातीच्या समुद्री प्राण्यात अर्धा मिलिमीटर जाडीचा वेष्टणहीन तंतू असतो. त्यात वेग सुमारे 25 मीटर. अशा तंतूत वेग जाडीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे चौपट वेगासाठी सोळापट जाडी, 8 मिलिमीटर! असे हजारो तंतू आपल्या पाठीच्या कण्यात मावतील कसे? आपला वेष्टित तंतू 0.02 मिलिमीटरमध्ये तेच काम करतो.

हे वेष्टण कारखान्यातून चढवून येत नाही. हातापायांच्या मज्जातंतूंत श्वान पेशी अक्षतंतूला बिलगते, आपल्या पटलाची कड त्याच्याभोवती फिरवत राहते आणि मधला द्रव पिळून काढते. हे वेढे श्वान पेशीच्याच पटलाचे असतात, हे बेटी गेरेन यांनी 1954 मध्ये कोंबडीच्या गर्भात दाखवले. मेंदूत हेच काम दुसऱ्या पेशी करतात. त्यांची एकेक पेशी अनेक तंतूंना वेष्टण पुरवते. काम गर्भातच सुरू होते आणि मेंदूच्या पुढच्या भागात विशीपर्यंत चालते. तुमच्याही डोक्यात ते आज चालू आहे.

आता धड्याचा राहिलेला अर्धा भाग. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी 1873 मध्ये शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू नेमका याच श्वान पेशींत ठाण मांडतो. जंतू आणि त्यामुळे येणारी सूज यांनी वेष्टण बिघडते, तंतूही मरतो. मग चटका कळत नाही, काटा रुतलेला कळत नाही. बोटे झडतात ती बहुतांशी न कळलेल्या जखमांनी. पापाने नव्हे, शापानेही नव्हे.

या अज्ञानाची किंमत माणसांनी मोजली आहे. रुग्णांना वेगळे डांबणारा 1898 चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून गेले ते 2019 मध्ये. औषध मात्र 1980 नंतरच्या दशकातच आले होते. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते आणि सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. मेलेला तंतू मात्र सहसा परत येत नाही. म्हणून घाई हवी.

ओळखायला मोठी पदवी लागत नाही. डॉ. नोशीर अंतिया यांच्या मांडवा प्रकल्पात, याच रायगड जिल्ह्यात, 1970 नंतरच्या दशकात गावच्या अल्पशिक्षित स्त्रियांनी आरोग्यसेविका म्हणून कुष्ठरुग्ण हुडकले. मग दहावीच्या मुलांना हे का जमू नये?

शिक्षकांना माझी विनंती एवढीच : मायेलिनच्या तासाला पाच मिनिटे जास्त द्या. त्वचेवर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर तो लपवू नये, आठवड्याच्या आत दवाखाना गाठावा, हे सांगा. प्रत्येक चट्टा कुष्ठरोगाचा नसतो, हेही सांगा. परीक्षेत या पाच मिनिटांना गुण नाहीत. पण एखाद्या मुलाने घरी जाऊन आजीचा चट्टा पाहिला, तर तिचा हात वाचेल.